माळ्यावर पिल्लं नाहीत

त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते त्याला आठवत नव्हतं. ज्याने ठेवलं त्याने थट्टेनेच ठेवलं असणार, कारण गाण्याचं आणि त्याचं या जन्मात कधी जमलं नाही. त्याचा कान होता छतासाठी. माळ्यावर, भिंतीच्या पोकळीत, कपाटामागे, जिथे माणसाचा हात पोचत नाही पण खारीचं अख्खं बिऱ्हाड मावतं, तिथे काय चाललंय हे तो खालून सांगायचा. सामान म्हणाल तर एक घडीची शिडी आणि एक स्टीलचा पेला. शिडीवर चढायचं, पेल्याचं तोंड फळीला लावायचं, बुडाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मग घरातल्यांना तो एकच शब्द म्हणे, "चूप." ऑफिसात पन्नास माणसांवर ओरडणारे साहेब स्वतःच्या घरात या माणसापुढे चूप बसत.

मूळचा तो सुतार. लाकडी छतं ठोकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. विजेची करवत, रंधा, हातोडा, आणि डोक्यावर तापलेला पत्रा. ज्या छतांत पुढे खारी शिरल्या त्यांतली निम्मी त्यानेच ठोकलेली होती, आणि बायको त्याला यावरून चिडवायची, "आधी घरं बांधून द्यायची आणि मग भाडेकरूंना हाकलायचं, बरा धंदा आहे तुमचा." पाठ दुखायला लागल्यावर त्याने छतं ठोकणं सोडलं आणि भाडेकरू हाकलणं तेवढं ठेवलं.

खार दिसायला गोड. म्हणून लोक तिला डोक्यावर बसवतात. अंगणात दाणे टाकतात, पाहुण्यांना हाका मारून दाखवतात. मग ती एक दिवस वळचणीचं लाकूड कुरतडून आत शिरते, वायरींची सालं काढते आणि अर्ध्या घराची वीज जाते. लगेच तेच लोक फोन करतात, "काहीही करा, पण तिला घालवा." त्या 'काहीही'चा अर्थ काय, हे मात्र कुणी त्याला स्पष्ट सांगत नसे. स्पष्ट सांगितलं तर स्वतःला ऐकावं लागतं. या धंद्यातले बाकीचे लोक ते न सांगताच समजून घेत. कुणी विषाच्या गोळ्या टाकी, कुणी छत फोडून काठीने मारी.

कानसेन यातलं काही करत नसे. तो विष ठेवत नसे आणि छत उघडत नसे. पिंजऱ्यात शेंगदाणे लावायचा, खार धरायचा आणि नदीपलीकडे नेऊन सोडायचा. एक खार सोडली की परत, सोडली की परत, असं तीनदा झालं. ही दरवेळी वेगळीच खार, असं गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं, तेव्हा त्याने बायकोचं लाल नेलपॉलिश आणून तिच्या शेपटीला लावलं. चौथ्या दिवशी ती लाल शेपटी मिरवत त्याच वळचणीला हजर. गिऱ्हाइकाने हात टेकले. बायकोने नवं नेलपॉलिश मागून घेतलं.

आणखी एक नियम होता, आणि तो सगळ्यांत कडक. वर पिल्लं असतील तर भोक बुजवायचं नाही. ती आपल्या पायांनी बाहेर पडेपर्यंत दीड-दोन महिने थांबायचं, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. या नियमामागे कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्याने घाईत एक भोक बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलेली शिडी न्यायला परत गेला, तेव्हा छतातून तो आवाज आला. बारीक, सुईसारखा, न थांबणारा. त्याने हाताने फळी उपटली होती, नखं रक्ताळली होती. तीनपैकी दोन वाचली. त्या दिवसापासून पेल्याला कान लावल्याशिवाय त्याने एकही खिळा ठोकला नाही.

पुढे पुढे मात्र पिल्लंच कमी व्हायला लागली. निदान कानसेन तसं म्हणायचा. "गेली तीन वर्षं बघतोय, खारींना आता पहिल्यासारखी पिल्लं होत नाहीत. माळे सगळे रिकामे." लोकांना ते लगेच पटायचं. कुणी म्हणे उन्हाळे वाढले, कुणी म्हणे बागांवरच्या फवारण्या, कुणी म्हणे मोबाइलचे टॉवर. एका शाळामास्तरांनी तर ते वर्गात सांगितलं, की ज्या माणसाने आयुष्यभर छतं ऐकली त्याचं हे निरीक्षण आहे. कानसेनला त्याचा अभिमान वाटला. काम सोपं झालं होतं. भोक शोधायचं, कान लावायचा, काही नाही म्हणायचं, आणि बुजवून मोकळं व्हायचं.

अशातच एका काकूंचा फोन आला. फोन नेहमीसारखा बायकोने घेतला, पत्ता वहीत लिहिला आणि म्हणाली, "म्हातारं जोडपं आहे. आवाज रडवेला होता. जरा नीट बोला तिथे."

घर अरुंद, दुमजली. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर उतरत्या छपराखाली एकच खोली. काकूंनी त्याला थेट वर नेलं नाही. स्वयंपाकघरात बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, एक आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. नावं विसरतात, चपला फ्रिजमध्ये ठेवतात, मागच्या महिन्यात गॅस तसाच सोडला. मुलगा परगावी असतो. तो म्हणतो, आई, तुला झेपत नाही, त्यांना संस्थेत ठेवू. मी त्याला म्हटलं, विसरतात, पण भ्रमिष्ट नाहीत. आता आठ दिवस यांनी एकच धोशा लावलाय. छतात पिल्लं रडतायत. चार पिल्लं. मला खालून खुडबुड तेवढी ऐकू येते, रडणं काही येत नाही. मुलाच्या कानावर गेलं ते. तो म्हणाला, नसलेलं ऐकू यायला लागलं म्हणजे आता हद्द झाली, मी येतो आणि घेऊन जातो."

त्यांनी चहा गाळला. कप त्याच्यापुढे सरकवला.

"म्हणून तुम्हाला बोलावलं. खार जाऊ दे नाहीतर राहू दे, माझं काही म्हणणं नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा, वर पिल्लं आहेत की नाहीत."

इतकं सोपं काम कानसेनला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "काकू, काळजी करू नका. असतील तर मी स्वतः तुमच्या मुलाशी बोलतो."

काका पलंगावर ताठ बसले होते. अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली, पायाशी काठी. उशाशी गोळ्यांची डबी, सात दिवसांच्या सात कप्प्यांची, वेळ झाली की वाजणारी. छत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानांवर हेडफोन चढवून. तारेवरची खरखर ऐकून फोन कुठल्या गावाहून येतोय ते सांगायचे. ते आताही सांगत, पण ज्याला सांगायचे त्याचं नाव विसरत. कानसेनच्या हातातला पेला बघून ते खूश झाले.

"अरे वा, हे बरं यंत्र आहे," काका म्हणाले. "डावीकडून दुसरी फळी लाव. तिघं जोरात रडतात. चौथं क्षीण आहे, ते मधूनच."

कानसेन शिडीवर चढला. डावीकडून दुसरी फळी. पेला, कान, डोळे बंद. "चूप," तो म्हणाला, आणि काकांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं तोंडावर बोट ठेवलं.

त्याला वारा ऐकू आला. खाली नळ टपकत होता तो आला. मग वर धपकन काहीतरी उतरलं, चार पायांनी फळीवरून पळालं आणि वळचणीच्या दिशेने गेलं. मोठी खार, मादी, अंगाने भरलेली. ती गेल्यावर शांतता. ही शांतता गेल्या तीन वर्षांत त्याच्या चांगलीच ओळखीची झाली होती. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. कामचुकारपणा त्याने आयुष्यात केला नव्हता.

"खार आहे काका," तो खाली बघून म्हणाला. "एकटी आहे. पिल्लं नाहीत."

"नाहीत काय? आत्ता रडतायत ती. आई गेली म्हणून रडतायत. आत्ता, या क्षणी. तू लाव ना कान."

त्याने परत कान लावला. मनापासून लावला.

"नाहीत, काका."

काकांचा चेहरा गोंधळला. मग ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "एक काम कर. एक फळी काढ. दोन खिळे तर आहेत. काढ आणि बघ."

"गरज नाही. मी छत उघडत नसतो, काका."

हे वाक्य तो गेली वीस वर्षं अभिमानाने म्हणत आला होता आणि त्या दिवशीही तशाच अभिमानाने म्हणाला. बाकी सगळ्याला काही ना काही सबब सापडेल. या एका वाक्याला नाही. दोन खिळे होते, हातोडा कमरेला होता, आणि एक म्हातारा माणूस हात जोडायचा तेवढा बाकी होता.

काकू दारात उभ्या होत्या. गुडघेदुखीमुळे त्यांना जिना चढवत नव्हता, तरी त्या आल्या होत्या. "पक्कं?" त्यांनी विचारलं.

कानसेनने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. एक क्षण त्याच्या मनात आलं, खोटं बोलावं. आहेत म्हणावं पिल्लं. दोन महिने थांबा म्हणावं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण कामात खोटं बोलायचं नाही हा त्याचा बाणा होता, आणि आपल्या शब्दाला किंमत का आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

"पक्कं," तो म्हणाला.

काकांनी छताकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार चरायला बाहेर पडली तशी कानसेनने वळचणीचं भोक जाळीने बंद केलं. जाड जाळी, आठ खिळे, वर पत्र्याची पट्टी. काम नेहमीसारखं चोख. छपराखालच्या खोलीतून काकांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. त्याला वाटलं, ते काकूंशी बोलतायत.

त्याच्या पुढच्या दिवशी काकूंचा फोन आला. बायकोने रिसीव्हरवर हात ठेवून त्याला सांगितलं, "खार सारखी पत्र्यावर येतेय म्हणे. जाळीच्या भोवतीचं लाकूड दातांनी ओरबाडतेय. आणि काका जेवत नाहीत."

"घर गेलं की सगळ्याच ओरबाडतात," कानसेन म्हणाला. "दोन दिवसांत विसरेल म्हणावं. नवी जागा शोधेल."

बायकोने ते तसंच्या तसं फोनवर सांगितलं. मग तिने फोन ठेवला. "एकदा जाऊन येता का?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि पिंजऱ्याच्या दाराला तेल घालत बसला.

दहाव्या दिवशी परत फोन. या वेळी काकूंचा आवाज सपाट होता. वरच्या खोलीत घाण वास येतोय, बहुतेक उंदीर मेलाय, बघून जाल का.

तो गेला तेव्हा दार काकूंनी उघडलं. खुंटीवर काकांचा कोट नव्हता, दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात टेकून काकूंनी सगळं एका दमात सांगून टाकलं, पुष्कळदा सांगून झालेलं सांगावं तसं. तुम्ही गेलात त्या दिवसापासून ते कानांवर हात ठेवून बसले. अन्नाला शिवेनात. म्हणायचे, एक गेलं, आता तीनच रडतायत. मग म्हणाले, दोन. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन पलंगावर उभे राहिले आणि छताला ढोसायला लागले. पडले असते. मी एकटी बाई, मी धरायची कशी? मुलाला फोन केला, तो गाडी घेऊनच आला. तुमचं नाव सांगितलं त्याने त्यांना. म्हणाला, बाबा, तो माणूस चूक करत नाही, सगळं गाव जाणतं.

"जाताना काही म्हणाले?" कानसेनने विचारलं.

"म्हणाले, आता एकच उरलंय."

वर वास होता. पलंगावरची चादर नीट घडी केलेली, छताच्या फळीवर काठीचे पाच-सहा पोचे. डावीकडून दुसरी फळी. कानसेन शिडीवर चढला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाच्या छताला हातोड्याचं नख लावलं. दोन खिळे निघाले, फळी सुटली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

घरटं बरोबर त्या फळीवर होतं. राखाडी लोकरीचं, मऊ, मन लावून विणलेलं. ती लोकर काकांच्या मफलरची होती. मफलर अंगणातल्या दोरीवर उसवत चाललाय आणि काकाच धागे ओढतात, असं म्हणून काकू त्यांना महिनाभर बोलत होत्या. घरट्यात दोन पिल्लं होती, एकावर एक. तिसरं घरट्याच्या काठाशी. चौथं, सगळ्यांत मोठं, सरपटत सरपटत पार वळचणीपर्यंत गेलं होतं आणि जाळीला तोंड लावून पडलं होतं. जाळीच्या पलीकडचं लाकूड बोटभर खोल कुरतडलेलं होतं. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये जाळीचीच काय ती जाडी उरली होती.

कानसेन शिडीवर तसाच उभा राहिला. पहिल्यांदा त्याने स्वतःची समजूत घातली. पिल्लं गप्प असतील. आईने गप्प केली असतील. त्या दिवशी नळाचा आवाज होता, वारा होता. माणूस अशा वेळी काय काय गोळा करतो याला सुमार नाही.

"भाऊ," मागोमाग वर आलेल्या काकू शिडीखालून म्हणाल्या, "ती डबी तेवढी बंद करा हो. सकाळपासून पाचव्यांदा वाजतेय. हे गेले तरी ती आपली वाजतेच आहे. मला बटण सापडत नाही."

"कुठली डबी?"

"ती काय उशाशी. गोळ्यांची. केवढ्याने कोकलतेय बघा."

तो खाली उतरला. गोळ्यांची डबी उशाशी होती. तिच्यावरचा बारका लाल दिवा उघडझाप करत होता. त्याने डबी हातात घेतली. काही नाही. कानाजवळ नेली. उजव्या कानाला लावली, मग डाव्या. दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. काकू कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत होत्या, आणि मग हळूहळू त्या आठ्या गेल्या.

"तुम्हाला ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या.

नळ त्याला ऐकू येत होता. काकूंचं बोलणं येत होतं. रस्त्यावरून ट्रक गेला तोही आला. गेला होता तो फक्त वरचा, बारीक आवाज. पंचवीस वर्षांच्या करवतीने आणि हातोड्याने तेवढाच नेमका खाऊन टाकला होता. माणसांशी बोलताना तो आवाज लागत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही आणि त्यालाही कळलं नाही. खारींना पिल्लं व्हायची थांबली नव्हती.

मग त्याला बाकीची घरं आठवायला लागली. मास्तरांचं घर. दवाखान्यामागचा बंगला. नव्या वस्तीतली ओळीने पाच घरं, एकाच आठवड्यात. तीन वर्षं. प्रत्येक माळा रिकामा, असं तो हसत हसत सांगत फिरला होता. त्या प्रत्येक माळ्याला त्याने स्वतः आठ खिळे ठोकले होते.

घरी आल्यावर त्याने हातपायही धुतले नाहीत. बायको भाजी निवडत होती.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

तिने भाजी खाली ठेवली. "गजर वाजायचा आणि तुम्ही झोपून राहायचात, फोन वाजला तरी उठायचा नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तर मी फोन माझ्याकडे घेतला."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही दुसरं काय करणार होतात? पाठ गेलेली. म्हटलं, गजर गेला तर गेला, कामापुरतं तर येतंय. तुम्हीच म्हणत होतात, माळे रिकामे आहेत म्हणून." तिने हात पदराला पुसले. "मला वाटलं, खरंच रिकामे असतील."

त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. भाजी तशीच पडली.

दुसऱ्या दिवशी त्याने काकूंच्या घरून मुलाला फोन लावला आणि एक शब्दही न गिळता सगळं सांगितलं. पिल्लं होती, चार होती, तुमच्या वडिलांनी मोजली तेवढीच होती, चूक माझ्या कानांची. पलीकडून मुलगा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पण आता ते तिथे रुळलेत. शांत असतात. गॅसचं तर खरं होतं ना? काठीचं खरं होतं ना?"

"काठी त्यांनी पिल्लांसाठी उचलली होती."

"हो, पण उचलली ना," मुलगा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. महिनोन्महिने धास्तीत काढल्यावर त्याला आठवडाभर झोप लागली होती, आणि ती झोप तो आता सहजासहजी सोडणार नव्हता.

तेव्हा कानसेन आणि काकू संस्थेत गेले. काकूंनी मफलर बरोबर घेतला होता. कानसेनने कागदाच्या पिशवीत ते रिकामं घरटं घेतलं होतं. का घेतलं ते त्याला सांगता आलं नसतं.

खोली स्वच्छ होती. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, सदरा दुसऱ्याच कुणाचातरी. काकूंनी त्यांच्या गळ्यात मफलर घातला. ते हसले, पण नाव घेतलं नाही. कानसेन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, म्हणजे त्यांना वर बघावं लागू नये.

"काका, पिल्लं होती," तो म्हणाला. "चार. तुम्ही सांगितलंत तिथेच, डावीकडून दुसरी फळी. तुमचं बरोबर होतं. मला ऐकू येत नव्हतं. तुम्हाला येत होतं."

काकांनी पिशवीतल्या घरट्याकडे पाहिलं, मग मान वर करून दारातल्या नर्सकडे पाहिलं. नर्स हसली. "आता छान आहेत ते," ती म्हणाली. "आल्या आल्या फार त्रास द्यायचे, हे ऐकू येतंय, ते ऐकू येतंय. आता काही नाही. हो ना, काका?"

"नाही," काका लगेच म्हणाले. "मला काही ऐकू येत नाही."

बाहेर कुंपणाच्या भिंतीवर एक खार बसली होती. खाली कुठेतरी मांजर असावं, कारण ती सारखी ओरडत होती. म्हणजे तोंड उघडत होतं आणि दर ओरडीला शेपटी वर उडत होती. कानसेनला फक्त शेपटी दिसत होती. त्याने काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, ती खार ओरडतेय ना? मला सांगा. मी विचारतोय, मला कळत नाही म्हणून विचारतोय. येतं ना तुम्हाला ऐकू?"

काकांनी खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर नर्सवरच होती. "नाही," ते म्हणाले. "काहीच नाही. मी शांत असतो."

काकूंनी तोंडाला पदर लावला. खुर्चीच्या हातावर काकांचं एक बोट हळूच आपटत होतं. कानसेनने खिडकीबाहेर बघितलं. भिंतीवर खारीची शेपटी उडाली की बोट आपटायचं. शेपटी थांबली की बोट थांबायचं.